पाचटाचं पान

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय – तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी माझं थोडं कौतुक ऐकून घ्या, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात मी अख्खी नोकरी टर्बाइनवर काढली. बॉयलरची वाफ आत घ्यायची, चाक फिरवायचं आणि त्या जोरावर उसाची मिल ओढायची. नुसत्या आवाजावरून मी बेअरिंगची तब्येत सांगायचो. पुण्याहून आलेले इंजिनिअर कागद बाजूला ठेवून मला विचारायचे, "तात्या, काय वाटतं?" याचा मला गर्व आहे. आजही आहे, खोटं कशाला बोलू?

टर्बाइनचा खरा वैरी म्हणजे पाणी. पाइप थंड असला की वाफेचं पाणी होतं, आणि ते पाणी वेगात पात्यांवर आदळलं की पाती वाकतात. म्हणून सुरू करण्याआधी ड्रेनचा व्हॉल्व्ह उघडून ते सगळं बाहेर काढायचं. पाणी संपलं हे ओळखायची माझी एक रीत होती. उसाचं वाळकं पाचट ड्रेनच्या तोंडापुढं धरायचं. पान ओलं झालं तर थांबायचं, कोरडं फडफडलं तर टर्बाइन फिरवायचं. माझ्या हाताखाली शिकलेले सगळे आजही असंच करतात.

मग एका वर्षी गळीत हंगामाची पहिली मोळी टाकायच्या दिवशी मी पान का धरलं नाही?

घाई कुणीच केली नव्हती. अध्यक्ष, पाहुणे, भटजी – सगळे वर, मिलमध्ये ऊस सोडायच्या गव्हाणीवर उभे होते, पण थांबायला तयार होते. मीच सकाळी मिशीला पीळ देऊन सांगून बसलो होतो की मोळी पडायच्या आत मिल फिरलेली दिसेल. ड्रेन अजून थुंकत होता. मी कान लावला, आणि वाटलं – झालं की. मला पान कशाला पाहिजे? व्हॉल्व्ह बंद केला आणि वाफ सोडली.

आतून दणका बसला. अख्खा पाया हादरला. मिल जागच्या जागी थांबली आणि नारळ फोडायला उचललेला हात तसाच वर राहिला.



कारखान्याचा इंजिनिअर गव्हाणीवरून खाली येईपर्यंत मी ड्रेनचा व्हॉल्व्ह पुन्हा पूर्ण उघडून ठेवला, म्हणजे मी तो बंद केलाच नव्हता असं दिसावं. आणि म्हणालो, बॉयलरकडून पाणी आलं. बॉयलरमध्ये पाणी जास्त चढलं तर ते वाफेबरोबर इकडे येतं, हे खरंच आहे. त्यामुळे कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. मी बोललो म्हणजे विषय संपला, एवढा माझा मान होता.

बॉयलरवर लिंबाजी होता. सिरसाळ्याचा, माझ्याच वयाचा. बॉयलरमधलं पाणी किती चढलंय ते दाखवणारी काच बघत उभं राहणं हेच त्याचं काम, आणि त्याचा त्याला माझ्याइतकाच गर्व. तो भांडेल म्हणून मी तयारी ठेवली होती. तो भांडला नाही. जवळ येऊन म्हणाला, "तात्या, तुमी म्हणताय म्हंजी तसंच असंल. काचंत पाणी वर गेलं आन् मला दिसलंच न्हाई."

त्याला बॉयलरवरून काढून गव्हाणीवर ऊस सरकवायला लावलं. निवृत्त होईपर्यंत तो तिथंच राहिला. त्या दणक्यानंतर आठवड्याभरानं तो अंबाजोगाईला जाऊन डोळे तपासून आला. डॉक्टरनं नंबर नाही म्हणून सांगितलं. ते मला सांगायला मुद्दाम आला – "डोळे लई चांगले हायेत म्हणले. तरीबी दिसलं न्हाई बगा." मी त्याच्यासाठी चहा सांगितला. दुसरं काय केलं मी? काही नाही.

माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात पहिला हार लिंबाजीनं घातला. मी तो मान ताठ ठेवून घेतला.

त्याचे डोळे चांगलेच होते. त्या दिवशी टर्बाइनकडे येताना मी बॉयलरवरून आलो होतो. काचेत पाणी बरोबर मधोमध होतं. मी पाहिलं होतं.