दिलगिरी नसलेलं पत्र

टेबलवालीला टेबल मिळालं ते तिचं मनगट गेलं म्हणून. त्याआधी अकरा वर्षं ती त्या लाँड्रीत उभ्याउभ्या काढत होती. ओलसर चादर रोलरमध्ये घालायची, पलीकडून कढत बाहेर काढायची, चार घड्या, थप्पी, पुढची चादर. एके दिवशी उजवं मनगट असं धरलं की चहाचा कपही उचलेना. डॉक्टर म्हणाले, हे काम बंद. मालक म्हणाले, "मग तुझं करू काय मी?" आणि कोपऱ्यातल्या धूळ खात पडलेल्या कम्प्युटरकडे बघत त्यांनीच विचारलं, "टायपिंग येतं का?"

"येतं की," ती म्हणाली.

येत नव्हतं. आठ दिवसांत लेकीला पिडून शिकली, तेही डाव्या हाताच्या दोन बोटांनी. पण खोटं बोलली म्हणून तिला कधी वाईट वाटलं नाही. पोट खरं, बाकी सगळं नंतर.

तेव्हापासून ती टेबलवाली. रोलरवरच्या सहा बायकांनी हे नाव ठेवलं. थोडं कौतुकानं, थोडं टोचून. "बसा बाई, बसा. आमच्या नशिबी वाफ, तुमच्या नशिबी पंखा." पंखा म्हणजे तरी काय, चालताना पत्र्यावर खडे पडल्यासारखा वाजायचा आणि वारा नेमका भिंतीला द्यायचा.

टेबलावरची कामं दोन. महिन्याला बिलं पाठवायची, आणि पैसे आले नाहीत की आठवण करून द्यायची. पहिलं काम सोपं. दुसऱ्याचा मजकूर मालक स्वतः सांगायचे, मागं हात बांधून, येरझाऱ्या घालत. "लिही. आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल प्रथम दिलगिरी व्यक्त करतो. आपण किती व्यस्त असता याची आम्हांला पूर्ण कल्पना आहे. सवड होईल तेव्हा आमच्या लहानशा बिलाकडे कृपादृष्टी टाकावी. त्रासाबद्दल पुन्हा एकदा क्षमस्व."

ती दोन बोटांनी मुकाट टायपायची. सहा महिने टायपलं. एकदा राहवलं नाही.

"मालक, धुतल्या आपण, वाळवल्या आपण, घड्या घालून त्यांच्या दारात नेऊन दिल्या आपण. मग दिलगिरी आपल्याला कशाची?"

"धंद्यात गोड बोलावं लागतं गं."

"हे गोड नाही. हे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं."

मालक हसले आणि विषय मोडला. माणूस वाईट नव्हता, पण भिडस्त. मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन आला की बसल्या जागी उभा राहायचा.

सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे चौकातलं एकशे दहा खोल्यांचं हॉटेल. लाँड्रीचं निम्मं काम त्यांचं. तिथं चादरी-टॉवेलांचं सगळं बघणारा जो साहेब होता, तो तोंडाचा भारी गोड. बिलाचं काढलं की एकच शब्द, "बघतो." बायकांनी त्याचं नाव ठेवलं होतं बघतोसाहेब. त्याच्या बघण्याबघण्यात तीन महिन्यांची तीन बिलं थकली. ड्रायरचा हप्ता चुकला, साबणवाल्यानं उधारी तोडली, आणि एका सोमवारी सकाळी मालक रोलरपाशी येऊन उभे राहिले. खाली बघत म्हणाले, "एक तारखेपासून दोघींना नाही ठेवता येणार." एक तारीख शनिवारी होती.

दोघींपैकी एक गेल्याच वर्षी लागलेली पोरसवदा बाई, दोन लेकरांची आई. दुसरी मावशी. सख्खी नव्हे, सगळ्यांचीच मावशी. टेबलवालीला रोलरवर हात न भाजता चादर कशी सरकवायची ते मावशीनंच शिकवलं होतं, शिव्या देत देत. मालकांचं बोलणं ऐकून मावशीनं हातातल्या चादरीच्या चार घड्या घातल्या, थप्पीवर ठेवली आणि पुढची घेतली. टेबलवाली त्या घड्यांकडं बघत राहिली. नेहमीसारख्याच, काटकोनात होत्या.

ती टेबलाशी आली आणि तिनं जुने सगळे मेल काढून वाचले. बारा मेल. बाराही बघतोसाहेबालाच. बाराही वेळा माफी. आणि कहर म्हणजे कुठल्याच मेलात नेमकं किती द्यायचंय आणि कधीपर्यंत, हेच नाही! मागणारा मागायलाच विसरला होता.

तिनं हॉटेलला फोन लावला. पैसे कधी देणार, हे विचारलंच नाही. फोन उचलणाऱ्या मुलीला म्हणाली, "ताई, एवढंच सांगा, तुमच्याकडं बिलांचे पैसे प्रत्यक्ष काढतं कोण?"

"हिशेबनीस. मागच्या इमारतीत बसतात. जोडून देऊ?"

हिशेबनिसाचा आवाज कोरडा, पण माणूस सरळ निघाला. "दर गुरुवारी पैसे काढतो मी. मंगळवारपर्यंत कागद टेबलावर लागतो."

"आमची तीन बिलं..."

"थांबा, बघू द्या." कागदांची चाळवाचाळव ऐकू आली. "बाई, तुमचं एकही बिल माझ्याकडं आलेलं नाही."

म्हणजे तीन महिने बिलं बघतोसाहेबाच्या खणात झोपा काढत होती, आणि इकडं हे सगळे त्याच खणापुढं हात जोडून उभे! तिनं त्याच मिनिटाला तिन्ही बिलं हिशेबनिसाला पाठवली. शिवाय चादरी पोचल्याच्या सह्यांच्या पावत्या, एकूण एक.

तासाभरात मालकांचा फोन वाजला. मालक उभे राहिले.

"हो साहेब... नाही नाही साहेब... ती नवीन आहे, तिला कळत नाही..." फोन ठेवला तेव्हा त्यांच्या कपाळाला घाम. "अगं, काय करून बसलीस? हॉटेलचे साहेब खवळलेत. म्हणतात, मला डावलून थेट हिशेबनिसाकडं गेलात. दोन लाँड्रीवाले दारात उभे आहेत म्हणे. पंधरा टक्के सूट लिहून द्या, तर पुढच्या महिन्यात बघतो."

"पुढच्या महिन्यात पण बघणारच?"

"जीभ आवर. सूट मान्य म्हणून लिही. आणि आधी चार ओळी माफीच्या."

तेवढ्यात मालकांचा धाकटा भाऊ आत आला. गाडी तो चालवायचा. अंगानं आडदांड, डोक्यानं त्याहून. "माफी कसली मागता? उद्या नेऊन द्यायच्या दोनशे चादरी आपल्याकडं आहेत ना? अडवून ठेवू. पाहुण्यांना उघड्या गाद्यांवर झोपव म्हणावं!"

"नाही," टेबलवाली म्हणाली.

"का? माज आलाय त्यांना."

"चादरी त्यांच्या आहेत, भाऊ. दुसऱ्याची वस्तू अडवली की आपण चोर आणि ते साव. आयतं कोलीत द्यायचं का त्यांच्या हातात?" मग ती मालकांकडं वळली. "आणि सूटही लिहिणार नाही मी. पंधरा टक्के म्हणजे मावशीचा नि त्या पोरीचा पगार. तो आपण त्या साहेबाला बक्षीस द्यायचा?"

"लाँड्री माझी आहे," मालक म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुझ्या मनाचं काही पाठवलंस, तर हे टेबल सोडायचं. रोलरवर तू चालत नाहीस. बघ मग काय ते."

त्या दिवशी ती घरी आली ती घुश्शातच. आई खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवत होती. डोळे अधू झाले तरी आईची सुई सुटली नव्हती. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले होते तिनं.

झालेलं सगळं ऐकून आई म्हणाली, "मालकाचं ऐकावं गं. पैसे मागितले की माणूस तुटतं."

"तू कधी मागितलेस?"

"मी कुठं? तुलाच धाडायची."

ते खरंच होतं. आठ वर्षांची असल्यापासून ती लोकांच्या दारात जाऊन उभी राहायची. आईनं विचारलंय, शिलाईचं जमेल का. आतून आवाज यायचा, उद्या ये. उद्या गेलं की परवा. एक बाई तर नव्या कपड्यांत मिरवत तिच्याच अंगावर दार लावायची. आणि एवढं होऊन दारातून निघताना ती म्हणायची, "बरं, चुकलं."

"काय चुकलं होतं माझं, आई?"

आईचा दोरा ओवला गेला नव्हता. तिनं तो ओला करून पुन्हा टोक केलं आणि म्हणाली, "भीड भिकेची बहीण. माझ्या अंगाला ती चिकटली ती चिकटलीच. तू लिही."

मंगळवारी सकाळी मालक यायच्या आधी तिनं कपाटातला हॉटेलचा करार वाचून काढला, मग लिहिलं. दोन बोटांना पाऊण तास लागला. एक आडवातिडवा शब्द ठेवला नाही. एक ओळ तर फारच झोंबणारी झाली होती, आणि लिहून मजाही आली होती. ती खोडताना जिवावर आलं, पण खोडली. रागाचं पत्र लोक एकमेकांना दाखवतात आणि हसतात. पैसे काढायच्या टेबलावर ते कोणी नेत नाही.

उरलं ते असं :

"विषय : थकलेली तीन बिलं. या गुरुवारी पूर्ण रक्कम मिळावी.

नमस्कार. आमच्या तीन बिलांची मुदत उलटून अनुक्रमे सत्त्याण्णव, सदुसष्ट आणि छत्तीस दिवस झाले आहेत. बिलांचे नंबर, रकमा आणि आपल्या माणसांच्या सह्यांच्या पावत्या सोबत आहेत. कामाबद्दल काही तक्रार असेल तर उद्या, बुधवारपर्यंत लिहून कळवावी. आम्ही त्याच दिवशी तपासून उत्तर देऊ. तक्रार नसेल तर गुरुवारी पूर्ण रक्कम द्यावी. सूट देणं आम्हांला शक्य नाही.

आपल्या दोनशे धुतलेल्या चादरी आज नेहमीच्या वेळी पोचतील. मात्र करारातल्या नवव्या कलमाप्रमाणे, पूर्ण रक्कम जमा होईपर्यंत शुक्रवारपासून नवीन कपडे नेता येणार नाहीत. रक्कम जमा होईल त्याच दिवशी गाडी येईल.

काही विचारायचं असल्यास मला थेट फोन करावा."

खाली मालकांचं नाव घातलं नाही. स्वतःचं घातलं. हिशेबनिसाला पाठवलं, बघतोसाहेबालाही पाठवलं, लपवून काही नाही. मग उठून धाकट्याला म्हणाली, "चादरी भर गाडीत. मोजून. एकही कमी नको."

मालक आले. तिनं पत्र पडद्यावर उघडून त्यांच्यापुढं केलं. "पाठवलंय. टेबल आत्ता सोडू की शुक्रवारी?"

त्यांनी दोनदा वाचलं. नववं कलम खरंच होतं का, हे कपाटातून करार काढून पाहिलं. होतं. सही त्यांचीच होती. आठ वर्षांत त्यांनी तो करार उघडून वाचला नव्हता. "शुक्रवारी," एवढंच ते म्हणाले.

बुधवारी तक्रार आली नाही. गुरुवारी पैसेही आले नाहीत. बायका टेबलाकडं चोरून बघायच्या आणि नजर वळवायच्या. मावशी मात्र डबा घेऊन सरळ तिच्यासमोर येऊन बसली. "जेव. गेलो तर दोघी बरोबर जाऊ. मला एकटीला कंटाळा येतो."

शुक्रवारी सकाळी गाडी दारातच उभी राहिली. नऊला तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

"अहो, गाडी कुठंय?" बघतोसाहेब. "दोन मजल्यांचे कपडे साठलेत इथं!"

"नमस्कार साहेब. गाडी तयार आहे. रक्कम जमा झाली की निघेल."

"असं कधी असतं का? एवढ्या वर्षांचे आपले संबंध..."

"संबंध आहेत म्हणूनच तीन महिने धुतलं, साहेब."

"मालकांना द्या फोन."

तिनं मालकांकडं पाहिलं. मालक नेहमीप्रमाणे खुर्चीतून अर्धे उठलेच होते. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा बसले आणि मान हलवली, नाही.

"ते कामात आहेत," ती म्हणाली. पुढं तिच्या जिभेवर सवयीनं 'माफ करा' आलं होतं. ते गिळलं.

दुपारी एकला हिशेबनिसाचा फोन आला. "बाई, दोन बिलांची रक्कम सोडलीय. तिसरं वरच्या सहीला अडलंय, मी मागं लागलोय. तुमचे कागद चोख होते म्हणून एवढं तरी झालं."

रक्कम जमा झालेली पडद्यावर दिसली तेव्हा मालकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिली. ड्रायरचा हप्ता निघत होता. पगार निघत होते. ते उठून रोलरपाशी गेले. मशीनच्या आवाजात काय बोलले ते टेबलापर्यंत आलं नाही, पण त्या पोरसवदा बाईनं पदर तोंडाला लावला. मावशीनं नेहमीसारखी पुढची चादर घेतली.

मालक परत आले ते हात चोळत. "चला! सुटलो एकदाचे. धाकट्या, काढ गाडी, जा हॉटेलवर."

धाकट्यानं किल्ली बोटावर फिरवली, टेबलाकडं पाहिलं आणि जागचा हलला नाही. "टेबलवाली ताई काय म्हणतात?"

"पूर्ण रक्कम, असं लिहिलंय," ती म्हणाली. "पूर्ण झालेली नाही."

"अगं, दोन आली ना! ताणू नये एवढं. गेलं उद्या हॉटेल, मग?"

"आज गाडी गेली तर तिसरं बिल गेलंच समजा, मालक. आणि पुढची सगळी बिलंही. त्यांना कळेल, यांचं लिहिणं एक आणि वागणं एक." तिनं खुर्ची पुढं ओढली. "हॉटेल गेलं, तर दुसरं शोधायला मी बाहेर पडेन. मनगट गेलंय माझं, पाय नाही गेले."

धाकट्यानं किल्ली खिळ्याला अडकवली. ती दोन बोटांनी टायपू लागली. दोन बिलांची रक्कम मिळाली, त्याबद्दल आभार. तिसऱ्याची बाकी आहे. ती जमा होईल त्याच दिवशी गाडी येईल.

मालक तिच्या खांद्यामागं येऊन उभे राहिले. एकेक अक्षर उमटताना वाचत होते. आता तोंड उघडणार आणि म्हणणार, वर एक ओळ दिलगिरीची घाल, अशी तिची खात्री होती. उत्तर ओठांवर तयारच होतं.

मालकांनी घसा खाकरला.

"तिसऱ्या बिलाचा नंबर घातला नाहीस. तो घाल," ते म्हणाले. "आणि रक्कम आकड्यात लिही, अक्षरातही लिही."