अंगणात आखलेले रंगमंच

आदरणीय मधुकर सोनुने सरांना मी पहिल्यांदा भेटले ती भिंतीतून चालत जाऊन. तेव्हा मी चिखलीला अकरावीत शिकत होते. सरांच्या घरामागच्या अंगणात दर रविवारी नेपथ्याचा वर्ग भरतो आणि तिथं कुणालाही शिकता येतं, एवढंच ऐकून मी अमडापूरहून जीपनं आले होते. अंगणभर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारलेल्या होत्या. कबड्डीचं मैदान असेल असं समजून मी त्या रेघा तुडवत थेट सरांपर्यंत गेले आणि वाकून नमस्कार केला. सरांनी आशीर्वाद दिला आणि शांतपणे म्हणाले, "पोरी, तू भिंतीतून आली. मांगं जाय, अन् दारातून ये."

मी मागे गेले. दार कुठं आहे ते एका मुलीनं दाखवलं. दारातून आत आल्यावर सरांनी सांगितलं की आता मी फिनलंडमधल्या एका नाट्यगृहाच्या रंगमंचावर उभी आहे. मला हसू फुटलं, पण बाकी कुणीच हसलं नाही, म्हणून मीही आवरलं. पायऱ्या, खांब, पडद्यामागची वाट, सगळं खऱ्या मापानं जमिनीवर उतरवलेलं होतं. त्या रविवारी मी तासभर तिथं नुसती चालले. घरी परतताना जीपमध्ये बसले तरी तो रंगमंच पायांखालून गेला नव्हता.

सर चिखलीच्या शाळेत चित्रकला शिकवत होते आणि दर वर्षी स्नेहसंमेलनाचं नेपथ्य करत होते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. निवृत्तीनंतर लोक घराला मजला चढवतात किंवा कट्ट्यावर बसून जगाला नावं ठेवतात. सरांनी फक्कीची पोती आणली. दुकानदाराला वाटलं की मास्तरांनी म्हातारपणी कबड्डीचा संघ काढला. पण सरांचं म्हणणं साधं होतं. कागदावरचा रंगमंच डोळ्यांना कळतो, पायांना कळत नाही. आणि नट तर पायांवर उभा असतो. म्हणून जगातल्या ज्या रंगमंचाचा नकाशा हाती लागेल तो ते अंगणात पूर्ण आकारात आखत आणि मुलांना त्यात वावरायला लावत.

फिनलंडच्या त्या रंगमंचावर एक गंमत झाली. डावीकडच्या दारातून दोघं एकदम निघाले की हमखास एकमेकांना धडकत. सरांनी आपल्या शाळकरी इंग्रजीत, तो रंगमंच रचणाऱ्या नेपथ्यकार हन्नाबाईंना पत्र लिहून विचारलं, दार इतकं अरुंद का? सोबत अंगणातल्या रंगमंचाचा फोटो जोडला. हन्नाबाईंनी उत्तर लिहून पाठवलं नाही, पुढच्या रविवारी सरळ व्हिडिओ कॉल केला. त्या नाटकात दोन अबोला धरलेले भाऊ आहेत, आणि दर वेळी दारात त्यांचा खांद्याला खांदा लागावा म्हणून ते दार मुद्दाम अरुंद ठेवलं होतं. आमच्यातली दोन पोरं उठून पुन्हा त्या दारातून गेली. या खेपेला धडकल्यावर कुणीच हसलं नाही. एका दाराची रुंदी दोन भावांना बोलतं करू शकते, हे मला त्या दिवशी कळलं, आणि आजही काम करताना मी आधी दार आखते.

मग सरांनी हन्नाबाईंना एक अट घातली. आम्ही तुमच्या रंगमंचात वावरलो, आता तुम्ही आमच्यात वावरा. अमडापूरला जत्रेत सोंगं निघतात ते देवळापुढचं पटांगण आम्ही मोजून दिलं आणि त्यांनी ते आपल्या कार्यशाळेच्या फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीनं आखलं. तेव्हापासून ती रीतच झाली. हन्नाबाईंच्या ओळखीनं जपानचे मुखवटे करणारे एक आजोबा आले, ब्राझीलचे एक प्रकाशयोजनाकार आले, आणि ज्यानं त्यानं आधी आमची जागा आपल्या जमिनीवर आखली, मगच शिकवायला सुरुवात केली. एकदा एका नव्या मुलानं पहिल्याच कॉलवर परदेशी पाहुण्यांना व्हिसाचं विचारलं. कॉल संपल्यावर सर त्याला म्हणाले, "पाव्हन्याच्या घरी गेल्याबरोबर जेवन कवा हाये, असं इचारतं का बे?" तो मुलगा पुढं त्याच पाहुण्यांकडे दीड वर्ष शिकून आला.

आता माझ्या घरची हकिगत सांगते, कारण सर म्हणजे काय ते मला तिच्यातूनच समजलं.

हन्नाबाईंनी मला वर्षभर आपल्या हाताखाली शिकायला बोलावलं. खर्चाची सोय झाली होती, पण बाबांचा होकार येत नव्हता. माझे बाबा शेतकरी, मितभाषी. ते रागावले असते तर मी भांडले असते. ते नुसते गप्प झाले आणि जेवण कमी करू लागले. त्यांचं मन मोडून मी गेले नसते, आणि राहिले असते तर जन्मभर मनातल्या मनात कुढले असते. सर आमच्याकडे आले. बाबांनी त्यांना मानानं बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "सर, पोरीले मी अडवून नाही राह्यलो. पन ज्या जागी ते जाऊन राह्यली, ते जागाच मले दिसून नाही राह्यली. न दिसनाऱ्या जागी पोरगी कशी धाडू?"

मला वाटलं, सर आता समजूत घालतील. सरांनी फक्त मान हलवली, "बराबर हाये तुमचं," एवढं बोलून चहा संपवला आणि निघून गेले. मी त्या दिवशी सरांवर मनातून चिडले होते.

पुढच्या रविवारी सकाळी सर एसटीनं उतरले ते फक्कीचं पोतं घेऊनच. आमच्या शेतातल्या खळ्यावर त्यांनी फोन लावला. तिकडे हन्नाबाई आपल्या घरात टेप धरून उभ्या होत्या, इकडे टेपचं एक टोक माझ्या हातात. त्या माप सांगत होत्या, सर रेघ मारत होते. दुपारपर्यंत खळ्यावर हन्नाबाईंचं घर उभं राहिलं: खाली कार्यशाळा, शेजारी स्वयंपाकघर, आणि वरच्या मजल्यावरची खोली, जमिनीवर मजला चढवता येत नाही म्हणून बाजूला काढलेली. तिथं मी राहणार होते. आई स्वयंपाकघरात जाऊन मोरी कुठं आहे ते पाहून आली. बाबा बांधावरच उभे होते.

मग बाबा हळूहळू आले. रेघेपाशी थांबले. दार शोधलं. दाराबाहेर चपला काढल्या आणि अनवाणी आत गेले.

सरांनी माझा हात घट्ट दाबला. बाबा खोलीभर फिरले, खाटेच्या जागी थोडं थांबले, खिडकीपाशी गेले. इथून काय दिसतं, असं त्यांनी विचारलं. सरांनी ते हन्नाबाईंना सांगितलं आणि त्यांनी फोन खिडकीबाहेर धरला. बर्फातली झाडं होती, शेजारच्या घराचं धुराडं होतं, एक म्हातारी बाई अंगण झाडत होती. मग बाबांनी आणखी एकच प्रश्न केला.

"दाराले कडी आतून लागते का?"

हन्नाबाईंनी कडी लावून दाखवली, काढून दाखवली, पुन्हा लावली. बाबा आले तसे दारातून बाहेर पडले, चपला पायात घातल्या आणि सरांना म्हणाले, "जाऊ द्या मंग."

मी गेले. पहिल्या दिवशी हन्नाबाईंच्या कार्यशाळेत पाऊल टाकलं तर फरशीवर पांढऱ्या पट्टीनं एक घर आखलेलं. ओसरी, माजघर, चूल, तुळस. आमचं घर! मी निघाल्यावर सरांनी आणि बाबांनी दोघांनी मिळून ते मोजून पाठवलं होतं. हन्नाबाईंनी विचारलं, तुझे बाबा कुठं बसतात? मी ओसरीच्या त्या कोपऱ्यात जाऊन बसले आणि पोटभर रडले. त्यानंतर मला त्या गावात कधी परकं वाटलं नाही.

सर स्वतः आजवर परदेशी गेलेले नाहीत. हन्नाबाईंनी कितीदा बोलावलं, पण त्यांचं उत्तर ठरलेलं: "मी गेलो तं इथलं आंगन कोन आखंल?" जगातल्या इतक्या रंगमंचांवर वावरलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, आणि तो माणूस चिखलीच्या आठवडी बाजारात भेंडी निवडताना दिसतो. मी आज नेपथ्यकार म्हणून जगते, देशोदेशींच्या कलावंतांसोबत काम करते. तरी सरांसमोर उभी राहिले की मला अजून त्या अकरावीतल्या मुलीसारखंच होतं. हे असं कसं सुचतं एखाद्याला, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

आता सरांचे गुडघे दुखतात, वाकता येत नाही. त्यांनी काठीला तळाशी भोक पाडलेला डबा बांधला आहे आणि उभ्यानंच रेघ मारतात. रेघ अजून सरळच येते. पंचाहत्तरी पूर्ण होत आहे त्या रविवारी आम्ही सगळे विद्यार्थी आणि आमचे परदेशातले गुरू जिथं असू तिथं एकच जागा आखणार आहोत: सरांचं अंगण. टोकियोत, साओ पावलोत, हन्नाबाईंच्या फरशीवर. आम्ही सगळे दारातूनच आत येऊ, सर.

बाबा त्या दिवशी चिखलीला येणार आहेत. लेखात तुमच्याकडून काय लिहू, असं मी त्यांना विचारलं. खळ्यावरची ती फक्की पहिल्याच पावसात वाहून गेली. पण त्या वर्षी बाबांनी सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, तिथं रचलं नाही, आणि आईनं कारण विचारलं तेव्हा म्हणाले होते की ते पोरीचं घर आहे. एवढी वर्षं झाली, ते कुटार अजून पलीकडेच रचतात. बाबा म्हणाले, "लिही, का सरायले लंबी उमर भेटो, गुडघे बरे राहो. अन् लिही, का मी अजूनबी तिथून चपला काढूनच जातो."