तापी समुद्राला कुठे मिळते

वडील गेले ते सुरतेतच. पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलमध्ये त्यांनी उभा जन्म काढला, आणि त्यांच्या नखांतला रंग शेवटपर्यंत गेला नाही. त्यांच्या अस्थी मात्र आम्ही इथे सोडल्या नाहीत. आम्ही खानदेशातली माणसं. सुरतेत कितीही वर्षं राहिलो तरी गाव ते गाव, म्हणून मोठा भाऊ गावाहून आला आणि आम्ही अस्थी घेऊन पार प्रकाशाला गेलो. आमच्याकडच्यांचं शेवटचं सगळं तिथेच, तापीच्या काठी होतं. मातीचं गाडगं पाण्यात उपडं केलं आणि घरी आणलं एकदाचं माणसाला, असं समाधान मानून परत फिरलो.

तापी तिथून खाली सुरतेलाच येते, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. मी शाळेत भूगोल शिकले आहे. रोज ऑफिसला जाताना बसमधून हीच नदी ओलांडते. तरीही नाही.

आईच्या ते लक्षात आलं, भाजी निवडता निवडता. ती मेथीची जुडी हातात धरून थांबली आणि म्हणाली, "आपीन त्यासले तठे सोडं, आन् नदी तं अठेच येस."

मी "हो" म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होते. मला रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, रागही येत नव्हता, आणि मी मूळची तापट बाई. ऑफिसातले लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायचे. एरवी मी त्यांना झाडलं असतं.

भाऊ फोनवर एकच सांगायचा, आईला आता गावाला पाठव. त्याचं घर मोठं, माणसं भरपूर. इथे आमच्या दोन खोल्या आणि दिवसभर घराबाहेर असणारी मी. सगळं ठरल्यातच जमा होतं. आईने फक्त एक अट घातली.

"तापी समिंदरले कोठे मियस, तेवढं माले दखाडी दे. मंग मी गावले जासू."

इतकी वर्षं सुरतेत काढून तिने समुद्र पाहिला नव्हता. वडिलांना सुट्टी असायची तेव्हा ते झोपायचे. म्हणजे आता गोष्ट अशी होती, की मी तिला ती जागा दाखवली की ती जाणार, आणि मग या दोन खोल्यांत मी एकटी उरणार. मला हे स्वच्छ दिसत होतं. त्याचं काहीच वाटत नव्हतं, एवढंच.

मी माहिती शोधायला बसले. सुरतेचा समुद्रकिनारा म्हणजे डुमस. फोनवर ते नाव टाकलं तर आधी भजी आली. टोमॅटोची भजी कुठे चांगली, कांद्याची कुठे. मग भुतं आली. काळी वाळू, रात्री ऐकू येणारे आवाज, जाऊ नका, जरूर जा. कुणीतरी गाडी लावायला जागा नाही म्हणून समुद्राला दोनच तारे दिले होते. मी आईला वाचून दाखवत होते. भुतांचं ऐकल्यावर तिने विचारलं, "भुतं देखाले जातस का लोके?" मी म्हटलं, जातात. ती म्हणाली, "घरमा मरत नही का कोनी त्यासना?"

नदी समुद्राला कुठे मिळते, उभं राहून ते कुठून दिसतं, हे कुणीच लिहिलं नव्हतं. नकाशात निळं निळ्याला मिळालं होतं, बास. एका बाजूला डुमस, समोरच्या काठाला हजीरा.

म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी पर्यटनाची माहिती मिळते अशा एका ऑफिसात गेले. टेबलामागे एक भले गृहस्थ पंख्याखाली बसले होते. त्यांनी मला सिंहांचं पत्रक दिलं, रणाचं दिलं, मंदिरांची दोन दिली. म्हटलं, इथलं द्या, सुरतेचं. ते हसले. "बेन, सुरत फरवा कोण आवे? लोको खावा आवे." मी विचारलं, तापी दरियाला मिळते ती जागा? त्यांनी हात हजीऱ्याच्या दिशेने उडवला. "ए तो बधुं कंपनीमां गयुं." त्या बाजूला फाटकं आहेत, पास लागतो, 'जोवा', म्हणजे बघायला, आत सोडत नाहीत, असं त्यांनी समजावून सांगितलं आणि सिंहांचं आणखी एक पत्रक माझ्या हातात दिलं. एरवी मी तिथे आवाज चढवला असता. तेव्हा पत्रकं पर्समध्ये घातली आणि जिना उतरले.

शेवटी डुमसच ठरलं. 'सूर्यास्ताला जावे' असं सगळीकडे लिहिलेलं होतं, म्हणून आम्ही रविवारी संध्याकाळी गेलो. फिरायला चाललोय असं मात्र म्हणायचं नव्हतं. वर्षश्राद्ध होईपर्यंत आमच्यात फिरायला जात नाहीत. शेजारणीने विचारलं तेव्हा आईने "काम शे" एवढंच सांगितलं. तिने धुवट पांढरं लुगडं नेसलं होतं आणि पिशवीत पाण्याची बाटली घेतली होती, समुद्रावर पाणी मिळेल न मिळेल म्हणून.

रिक्षातून उतरलो, भज्यांच्या गाड्या ओलांडल्या, उंटवाल्याला नको म्हटलं आणि पुढे पाहिलं तर समुद्र नव्हता. चिखल होता. काळा, चकचकीत, नजर जाईल तिथपर्यंत. त्यापलीकडे एक पांढरट रेघ, ती पाण्याची असेल किंवा आभाळाची.

आई कठड्यापाशी उभी राहिली. "पानी कोठे गयं?"

मला काय माहीत पाणी कुठे गेलं! आमच्याकडे पाणी विहिरीत असतं, नदीत असतं. आटतं, पूर येतो. रोज उठून निघून जाणारं पाणी आमच्या सात पिढ्यांत कुणी बघितलं नव्हतं. भरती-ओहोटी हा शब्द मी पाठ्यपुस्तकात वाचला होता, पण वेळ बघून निघावं लागतं हे सुचलं नाही. आम्ही बस चुकल्यासारखे उभे होतो.

आईने वळून मला विचारलं, "उकाईना धरनम्हा अटकी तं नही गयात ना त्या?"

ती गंमत करत नव्हती. प्रकाशा आणि सुरत यांच्यामध्ये उकाईचं धरण आहे, हे तिला रेल्वेच्या प्रवासामुळे माहीत होतं. मी म्हटलं, "नाही, दरवाजे उघडतात." उघडतात का, कधी उघडतात, मला काय ठाऊक.

मग तिनेच भजीवालीला विचारलं. भाजी घेऊन घेऊन आईची गुजराती माझ्यापेक्षा बरी झालेली आहे. भजीवाली झारा न थांबवता म्हणाली, "अत्यारे ओट छे. अमासे बपोर पछी आवजो, पाणी अहीं सुधी आवशे." तिने पायाने कठडा दाखवला. म्हणजे अमावस्येला, दुपारनंतर.

आम्ही भजी न खाता परत आलो. भावाने फोनवर विचारलं, बघून झालं का? मी म्हटलं, नाही, समुद्र नव्हता. माझंच डोकं फिरलंय असं त्याला वाटलं असणार.

अमावस्येला आमच्याकडे कुणी घराबाहेर पाऊल टाकत नाही. शेजारीण म्हणाली, आज कुठे निघालात? आई म्हणाली, "अमावस त्यासनीच शे." गेलेल्या माणसांचा दिवस तो. तिने सकाळी त्यांच्या नावाने भात बाजूला काढून गच्चीवर ठेवला, आणि दुपारी आम्ही निघालो. मी ऑफिसात अर्धी रजा टाकली होती. कारणाच्या जागी 'घरगुती' लिहिलं.

या वेळी पाणी होतं. मातकट, जाड, थेट कठड्यावर आपटणारं. ज्या चिखलावर उंट उभा होता तिथे लाटा होत्या. आईने चपला काढल्या. उजवीकडे लांब हजीऱ्याच्या चिमण्या आणि क्रेन दिसत होत्या. मी बोट दाखवून सांगितलं, त्या चिमण्यांच्या अलीकडे, तिथे मिळते. तिने कपाळावर आडवा हात धरून पाहिलं. पाण्याला तिथे वेगळा रंग वगैरे काही नव्हता. तिने हात जोडले, मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "उनात बरं त्या." आले बरं ते, पोचले.

तेवढ्यात कुठलं तरी बाहेरगावचं कुटुंब आलं, कडेवर मूल, हातात फोन. त्यातल्या बाईने आईलाच विचारलं, "अम्मा, यहाँ देखने का क्या है?"

आईने तिला नीट सगळं सांगितलं, तिच्या मोडक्या हिंदीत. अमावसला यायचं, दुपारनंतर यायचं. शामला पाणी जातं, मग चिखलात उतरायचं नाही. तिकडे चिमण्या दिसतात ना, त्याच्या अलीकडे तापी मिळते. "और हमारा आदमी है उधर," ती म्हणाली.

बाईने तिकडे पाहिलं. "कंपनी में हैं?"

"हां," आई म्हणाली. "पहले मिल में थे."

परतीच्या रिक्षात मी विचारायचं ते विचारलं. मला वाटतं माझा आवाज ऑफिसात फोनवर असतो तसाच होता. "माय, मंग गावले कधी जावानं?"

"कोन जास गावले? त्या अठे उनात, आन् मी तठे जाईसन काय करू?"

ती पायांची वाळू झटकत होती. रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा तिने पिशवीतली बाटली काढून दोन घोट घेतले, झाकण लावलं आणि मेथी आणायची आठवण करावी तशी म्हणाली, "आन् आयक, मालेबी अठेच सोडजो. प्रकाशाले नको नेजो. एवढा फेरा कसाले?"

तेव्हा मला रडू फुटलं. सिग्नल सुटला तरी थांबेना. रिक्षावाल्याने आरशात पाहून विचारलं, "शुं थयुं, माजी?"

"कंई नथी," आई म्हणाली. "एणे दरियो जोयो."