मुलाविरुद्ध साक्ष

मंडळी, आज सकाळी देवपूजा उरकून मी सुनेला घेऊन पुण्याला वकिलाकडे गेलो. माझा मुलगा मुंबईत दुसऱ्या बाईबरोबर राहतो. देवाब्राह्मणांपुढे लागलेलं लग्न मोडायला आपण हात लावावा का, हे महिनाभर मनात होतं.

गावचे पंच म्हणाले होते, "आमच्यापुढं काडी मोडा, पोरगी मोकळी."

वकील म्हणाले, "काडीवर विसंबू नका. उद्या हिचं दुसरं लग्न खोटं ठरेल. कोर्टाचा हुकूम घ्या, दुसऱ्या लग्नाआधी अपिलाची मुदत सरू द्या. साक्ष कोण देणार?"

सून पुटपुटली, "मामंजी, तुमी नका. लोक थुंकतील."

"थुंकू दे. तुला मागणी घालाया मीच आलतो न्हवं?"

तुमच्या घरात कुणी नुसत्या काडीवर थांबलं असेल, तर आधी वकिलाला विचारा. मी साक्षीदार म्हणून सही करून आलो.