साखळीचं हत्यार

रविवारी सकाळी क्रांती चौकाजवळ एका मित्राच्या घरी आम्ही चौघं जेवणाच्या टेबलावर युद्ध खेळतो. बोटभर उंचीचे रोबोट, फासे आणि अंतर मोजायला टेप. नियमांच्या पुस्तकातल्या हत्यारांचा कधीच कंटाळा आला, म्हणून आता आपापली बनवतो. आमचा एकच कायदा: नवं हत्यार पहिल्यांदा समोरच्यानं चालवायचं, ते बनवणाऱ्यावर. त्यामुळं कुणी फार माजत नाही. मी माजायचो. दणकेबाज तोफा करायचो आणि स्वतःच्याच तोफेनं भुईसपाट व्हायचो. घरी गेलं की बायको विचारायची, "फिटली हौस?"

यंदा, ज्याचं घर, त्याच मित्राचे हात थरथरू लागले. डॉक्टर म्हणाले, औषधानं आटोक्यात राहील, जाणार नाही. आमचे सगळे रोबोट यानंच रंगवलेले. आता एक उचलायला गेला की शेजारचे दोन-तीन आडवे. एका रविवारी म्हणाला, "आता तुम्हीच खेळा. मी नुसता बघत बसतो."

असला राग आला मला! त्याच्यावर नाही, त्या मेल्या थरथरीवर. आज टेबलावरून उठला की उद्या खोलीबाहेरही येणार नाही, हे मला दिसत होतं. पण त्याला कीव चालत नाही. पाण्याचा ग्लास धरायला गेलं तरी खेकसतो.

मग मी शहागंजातून खोट्या दागिन्यातली बारीक साखळी आणली आणि एक हत्यार बनवलं. रोबोट साखळी आणि तोफ घेऊन पाय रोवून उभा. खेळ संपेपर्यंत त्याला हलवायचंच नाही. साखळी फेकायची म्हणजे फक्त बोट दाखवायचं, टेपनं मोजायचं नाही. फासा जुळला की शत्रूनं आपला रोबोट आपल्या हातानं त्याच्यापुढं आणून ठेवायचा आणि तोफेचा गोळा खायचा. त्याला खेळायला बसवायला आमचा कायदा होताच. म्हणालो, "चल, चालव माझ्यावर."

त्यानं मला धू धू धुतलं. बाकीचे दोघं टाळ्या पिटत होते. हा मात्र हळूच म्हणाला, "हलवायचं नाय, मोजायचं नाय. मला कळत नाय व्हय?"

मला वाटलं, संपलं सगळं. सारवासारव करायला तोंड उघडलं, तर तो आणखी तापला.

"गप ए! तोफ लई जड केलीस. असं तर कुणीपण जिंकंल. तोफ काढ, नुसती साखळी ठेव. आन् ओढलेल्याला पळून जाता आलं पाहिजे. मला सोपं नको रे, जमंल असं पाहिजे."

"अरे पण मग हरशील तू."

"हरलो तर हरलो! मांड पुन्हा."

मी मांडायला घेतलं. इतका आनंद झाला होता की डोळ्यांतून पाणी थांबेना, समोरचं धड दिसेना.

"काय राव," तो ओरडला, "हात माझे थरथरतात, आन् वाकडा तू ठेवतोस?"