व्हॅनचा पट्टा आणि माझा कान

जळकोटात मला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. ही बढाई नाही. गावात बरीच वर्षं पिठाची गिरणी एकच होती आणि ती माझी होती, एवढंच त्यामागचं कारण. भाकरी खायची तर पीठ लागणार, आणि पीठ हवं तर बब्रुवानकडं डबा घेऊन यावं लागणार. उमेदीची सगळी वर्षं मी त्या पांढऱ्या धुरळ्यात घालवली. आमच्या लग्नात जेवढा हळदीनं पिवळा झालो नसेन तेवढा पुढं रोज पिठानं पांढरा होत गेलो.

माझ्या कानांचा मला लई गर्व होता. गिरणीच्या नुसत्या आवाजावरून आत ज्वारी पडलीय का गहू, दगड झिजून त्याला परत टाकी घालायची वेळ झालीय का, पट्टा घसरतोय का, हे मी डोळे मिटून सांगायचो. आता डबा मीच माझ्या हातानं ओतलेला असायचा, त्यामुळं ज्वारी आणि गहू ओळखणं तसं अवघड नव्हतं. पण डबा घेऊन आलेल्या बायका “अगं बया!” म्हणायच्या आणि मला बरं वाटायचं.

पुढं गुडघे बोलायला लागले तेव्हा गिरणी पुतण्याच्या हवाली केली. पोरगी वैष्णवी पुण्यात नोकरी करते. तिनं आम्हा दोघांना फिरायला एक जुनी व्हॅन घेऊन दिली. जुनी म्हणजे पुढच्या सीटखाली इंजिन असलेली. उन्हाळ्यात तिच्यात बसलं की खालून चुलीवर ठेवल्यासारखं वाटतं. तरी मला ती फार आवडली. सकाळी व्हॅन काढायची, बायकोला, म्हणजे शिवगंगाला, शेजारी बसवायचं आणि तुळजापूर, नळदुर्ग, पाहुण्यांची गावं करत हिंडायचं, हे माझं काम झालं.

गेल्या दिवाळीनंतर मात्र एक नवल घडायला लागलं. मी व्हॅन घेऊन गावातून निघालो की लोक वळून बघायचे. पारावरचे म्हातारे बोलणं थांबवून बघायचे, दुकानदार गल्ल्यावरून उठून दारात यायचे, शाळेची पोरं तर ओळीनं उभी राहायची. मला वाटलं, एवढी वर्षं गावाला पीठ दळून दिलं, त्याची जाण आता लोकांना आली. मी काच खाली करून हात वर करायचो, कुणाला नमस्कार, कुणाला राम राम. त्यांच्यातल्या काहींचे हात कानावर असायचे. मी समजायचो, उन्हासाठी धरलेत.

पुढं पुढं तर मनात येऊ लागलं की ग्रामपंचायतीला उभं राहावं. एवढं प्रेम वाया घालवणं बरं नव्हं. मी एक पांढरा सदराही शिवायला टाकला.

“अहो, गाडी ओरडतीय,” शिवगंगा एक दिवस म्हणाली. म्हणाली म्हणजे माझ्या तोंडासमोर येऊन, हात हलवून म्हणाली. अलीकडं ती अशीच बोलायची. मी समजायचो, वयानं तिचा स्वभाव तापट झालाय.

“कुठं ओरडतीय?” मी म्हणालो. “मला तर काहीच ऐकू येत न्हाय.”

“सकाळी चालू करताना बघा की. अन् दिवे लावले की जास्तच. डुकराला धरल्यावानी किंचाळती.”

मी चावी फिरवली. घुर्र घुर्र करत इंजिन लागलं. छान, भरदार, गिरणीसारखा आवाज. शिवगंगानं दोन्ही हात कानावर दाबले. मला तिची कीव आली.

“तुझे कान लई नाजूक झालेत,” मी म्हणालो. “वैद्याला दाखवू एकदा.”

पण ती काही ऐकेना. मग शेजारच्यानं सांगितलं, भावकीतल्यानं सांगितलं, आणि शेवटी दूध घालणाऱ्या बाईनं सांगितलं की तुमची गाडी लागली की म्हैस पान्हा चोरती. तेव्हा मला वाटलं, एवढे लोक म्हणतात तर असेल काहीतरी बारीकसारीक. आणि पट्ट्याचं दुखणं असेल तर ते माझ्याइतकं कुणाला कळणार? उभा जन्म पट्ट्याशेजारी गेला.

सीट उचलली, आत वाकून बघितलं. इंजिनाच्या बाजूला एक काळा पट्टा, त्याच्यावर बॅटरी चार्ज करणारा डायनामो आणि पाण्याचा पंप फिरतो. मी लांब पेचकस घेतला, एक टोक चालू डायनामोच्या अंगाला लावलं आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली. मिस्त्री लोक असंच करतात. घरघर ऐकू आली. चांगली घरघर होती, ओळखीची. मी पेचकस खाली ठेवला आणि शिवगंगाला म्हणालो, “डायनामो ठीक हाय. पट्टा घसरतोय. राळ लावावी लागंल.”

गिरणीचा पट्टा घसरायला लागला की आम्ही त्याला राळ लावायचो. पट्टा चिकट होतो आणि चाकाला धरून बसतो. म्हणून मी गिरणीतून राळेचा खडा आणला, कुटला, आणि व्हॅनच्या पट्ट्याला मनापासून चोळला. मग इंजिन चालू केलं, कान देऊन ऐकलं. किंचाळणं म्हणून कसलंच नाही.

“बघ,” मी म्हणालो. “गेला का न्हाय?”

शिवगंगा अंगणातून घरात निघून गेली होती आणि तिनं दार लावून घेतलं होतं. मी समजलो, चूक कबूल करायला माणसाला जड जातं.

त्याच आठवड्यात तामलवाडीला तिच्या बहिणीच्या मुलाचा, इंद्रजितचा, साखरपुडा होता. शिवगंगा म्हणाली, एसटीनं जाऊ. मी म्हणालो, घरात गाडी असताना एसटीनं? नवा पांढरा सदरा घातला आणि निघालो. वाटेभर ती कानात कापूस घालून, खिडकीकडं तोंड करून बसली होती.

तामलवाडीत मांडव रस्त्याच्या कडेलाच होता. मुलीकडचे एक वडीलधारे पाहुणे माइकवर उभे राहून दोन्ही घराण्यांची थोरवी सांगत होते. मी वळण घेऊन मांडवाच्या तोंडाशी आलो आणि गाडी लावायला जागा शोधत मागंपुढं करू लागलो. सगळा मांडव माझ्याकडं वळला. पाहुणे बोलायचे थांबले. मी खिडकीतून हात वर केला. पाहुण्यांच्या गावातही आपलं नाव पोचलंय हे बघून छाती भरून आली.

मग मी स्पीकरवाल्याला बघितलं. तो बिचारा घाबरून आपल्या मशीनची बटणं फिरवत होता. त्याला वाटत होतं, आपला माइक शिट्टी मारतोय. त्यानं एक बटण फिरवलं, दुसरं फिरवलं, माइकवाल्या पाहुण्यांना लांब व्हायला सांगितलं, शेवटी वायरच उपटली. मी गाडी लावून इंजिन बंद केलं. स्पीकरवाल्यानं वायर हातात धरून हुश्श केलं.

“झाला बंद!” तो ओरडला.

तेवढ्यात मला आठवलं की गाडी उन्हात आहे. सावलीला घ्यावी म्हणून मी परत चालू केली. मांडवातल्या बायकांनी लहान पोरांच्या कानावर हात ठेवले. स्पीकरवाल्यानं हातातल्या वायरकडं बघितलं, मग माझ्या व्हॅनकडं बघितलं. मग सगळा मांडव हसायला लागला. नवरदेव हसत होता, नवरी पदराआड हसत होती, आणि मीही हसत होतो, कारण सगळे हसतात तर काहीतरी चांगलंच झालं असणार.

परतीला मात्र शिवगंगा व्हॅनमध्ये बसली नाही. एसटीनं जळकोटला आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः मला हाताला धरून हमरस्त्यावरच्या महालिंगप्पाच्या गॅरेजवर घेऊन गेली.

महालिंगप्पा माझ्याच बरोबरीचा. बोलायला कमी, पानात चुना जास्त. त्यानं सीट उचलली, पट्ट्यावर बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. “हे काय लावलंय?”

“राळ.”

“कशाला?”

“घसरू नये म्हणून.”

त्यानं बोट फडक्याला पुसलं. इंजिन चालू केलं, पाण्याची बाटली घेतली आणि फिरत्या पट्ट्यावर जरासं पाणी शिंपडलं. “अण्णा, आता?” त्यानं मोठ्यानं विचारलं.

मी शिवगंगाकडं बघितलं. तिचं तोंड लिंबू चावल्यासारखं झालं होतं. “वाढला,” मी म्हणालो.

“बरोबर. पाण्यानं वाढला म्हंजे पट्टा ढिला हाय.” मग त्यानं इंजिन बंद करून पट्टाच काढला आणि एक क्षणभर तसंच चालू केलं. “अन् आता?”

शिवगंगाचा चेहरा मोकळा झाला होता. “गेला,” मी म्हणालो.

“व्हय. म्हंजे इंजिनात दोष न्हाय, पट्ट्याचाच आवाज.” त्यानं बंद करून डायनामोचं आणि पंपाचं चाक हातानं फिरवून बघितलं. दोन्ही गुळगुळीत फिरत होती. जुना पट्टा त्यानं परत चढवला, नट आवळला, चालू केलं. “आता थोडा उरलाय का?”

मी परत शिवगंगाकडं बघितलं. आणि तिनं पदर तोंडावरून खाली ओढून घेतला.

मी पदराकडं बघत राहिलो. पदराला काही चेहरा नसतो. महालिंगप्पा वाट बघत होता. शाळेत पुढच्या पोराची पाटी झाकली गेली की जे व्हायचं तेच माझं झालं.

“गेला,” मी अंदाजानं म्हणालो.

महालिंगप्पानं माझ्याकडं बघितलं. “अण्णा, लई मोठ्यानं वाजतोय.”

शिवगंगानं पदर बाजूला केला. ती हसत नव्हती. “तुमाला ऐकूच येत न्हाय,” ती म्हणाली. “माझ्या तोंडाकडं बघून सांगायलाव तुमी.”

मी म्हणालो, गॅरेजात ट्रकचा गोंगाट आहे. रस्त्यावर तेव्हा एकही ट्रक नव्हता.

राळेनं जुना पट्टा कामातून गेला होता. महालिंगप्पानं चाकं रॉकेलनं पुसून साफ केली, नवा पट्टा घातला, अंगठ्यानं दाबून बघितला. बेताचा दबतोय म्हटल्यावर नट पक्का केला. गाडीचं तेवढ्यावर भागलं. माझं सोलापूरला निघालं.

सोलापूरच्या कानाच्या दवाखान्यात मला काचेच्या एका खोलीत बसवलं, कानाला भोंगे लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बाहेर बसलेली मुलगी काचेतून माझ्याकडं बघत होती. आता इथं नापास व्हायचं नाही, असं ठरवून मी दाबायला सुरुवात केली. दोनदा दाबलं, जरा थांबून परत दाबलं. मुलगी उठून आत आली, माझा भोंगा बाजूला करून म्हणाली, “आजोबा, मी अजून सुरूच केलेलं नाही.”

डॉक्टरांनी कागदावर काढलेली रेघ दाखवली. अर्ध्यापर्यंत बरी चालली होती, पुढं डोंगरावरून उतरावी तशी खाली. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. पट्ट्याची किंचाळी, शिट्ट्या, बायकांची नि लहान पोरांची बोलणी, सगळी त्या उतारावर.

“कामाला कुठं होता?” डॉक्टरांनी विचारलं.

“गिरणी होती पिठाची,” शिवगंगानं सांगितलं. मला विचारलेलं तीच सांगत होती, कारण मला प्रश्न पोचला नव्हता.

कानात बसवायचं शेंगदाण्याएवढं यंत्र मिळालं. ते लावून दवाखान्याच्या बाहेर आलो तर जगात एवढी खडखड असेल हे मला माहीतच नव्हतं. माझी चप्पल वाजत होती. कुणीतरी प्लास्टिकची पिशवी चुरगाळली तर मी दचकून मागं बघितलं.

घरी आल्यावर शिवगंगा चुलीपाशी बसली आणि आपल्याशीच बोलायला लागली. पीठ मळता मळता, कांदा चिरता चिरता. शेजारणीच्या सुनेचं, भेंडीच्या भावाचं, मधूनच माझं. माझं जे होतं ते काही कौतुकाचं नव्हतं. मी दारात उभा राहून ऐकत राहिलो. बरीच वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो होतो की आमची शिवगंगा वयानं अबोल झाली.

“तू रोज असं बोलतीस?” मी विचारलं.

ती दचकून वळली. “मग? तुमी व्हय न्हाय काहीच म्हणंना. वाटायचं, आपण बोललेलं आवडत न्हाय ह्यांना. म्हणून मग हळूच बोलायची, आपलं आपल्यापुरतं.”

ती परत पिठाकडं वळली. मी पाट ओढून तिच्याजवळ बसलो आणि भेंडीचा भाव काय झालाय ते विचारलं. तिनं सविस्तर सांगितलं.

गावात आता व्हॅनकडं कुणी मान वर करून बघत नाही. पहिल्या दिवशी सवयीनं मी हात वर केला तर पारावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “काय पाहिजे?” निवडणुकीचा विचार मी तिथंच सोडला. पांढरा सदरा मात्र वापरतो.

परवा तुळजापूरला निघालो होतो. नळदुर्गच्या अलीकडं वळायला मी बाजूचा दिवा लावला तर आत टिक टिक टिक असा आवाज सुरू झाला. मी घाबरून गाडी कडेला घेतली.

“काय झालं?” शिवगंगानं विचारलं.

“कसलातरी आवाज येतोय. टिकटिक.”

“अहो, तो दिवा लावला की येतो. पहिल्या दिवसापासून येतोय.”

मी दिवा बंद केला, टिकटिक थांबली. लावला, सुरू झाली. फार छान आवाज होता. तुळजापूर येईपर्यंत मी जिथं वळण नव्हतं तिथंही दिवा लावत गेलो. शिवगंगा शेजारी बसून बोलत होती, हातवारे करून, मजेत. घाट चढून वर आलो तेव्हा ती थांबली.

“म्या आत्ता काय सांगितलं?”

मला आठवेना.

“यंत्र चालू हाय ना?” तिनं वाकून माझ्या कानात बघितलं.

“चालू हाय.”

“मग?”

“टिकटिक ऐकत होतो,” मी म्हणालो.

तिनं कपाळावर हात मारला, खिडकीची काच वर केली आणि पहिल्यापासून परत सांगायला सुरुवात केली.