देवाच्या नावानं पहिलं बिल

सर्व संबंधितांस, विशेषतः माझ्या सासुरवाडीस, जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, मी तयार केलेले जीएसटीचे सॉफ्टवेअर आजपासून कायमचे बंद करण्यात आले असून, श्री खंडोबाकडे आता आमची कोणतीही बाकी राहिलेली नाही.

हे निवेदन काढायची वेळ का आली ते सांगतो.

मी नांदेडात एका शाळेत चित्रकला शिकवतो. हिशोबाशी माझा संबंध रंगपेटीच्या पावतीपुरता. पण कुणीतरी सांगितलं की हल्ली एआयला साध्या मराठीत सांगितलं की ते सॉफ्टवेअर लिहून देतं. मी त्याच संध्याकाळी बसलो. ‘दुकानाचा जीएसटीचा हिशोब ठेवणारं काहीतरी कर’ म्हणालो, आणि चहा संपायच्या आत पडद्यावर चौकटी उगवल्या! खाली एआयनं नम्रपणे लिहिलं होतं, ‘वापरण्यापूर्वी कराच्या जाणकाराकडून तपासून घ्यावे.’

मी लिहिलं, ‘जाणकार इथेच बसला आहे. बिलाला वर तोरण काढ.’

पुढचा आठवडा आम्ही दोघं तोरणावरच होतो. (तोरण अप्रतिम झालं. आंब्याच्या पानांच्या शिरासुद्धा दिसत होत्या.)

गिऱ्हाईक घरातच होतं. माझा मेहुणा दिगंबर. अहमदपुरात त्याचं पाइप, मोटारी आणि पत्र्यांचं दुकान. तो दर महिन्याला सगळी बिलं एका कॅरीबॅगमध्ये कोंबून लातूरच्या टॅक्सवाल्या वकिलांकडे पाठवायचा, ते रिटर्न भरायचे.

“कॅरीबॅगचा जमाना गेला दिगंबर,” तो आमच्याकडे आला तेव्हा मी म्हणालो. “ह्या महिन्याचं रिटर्न माझ्या मशीनवर.”

“दाजी, तारीख चुकली तर दंड लागतोय बरं का.”

“मी आहे ना.”

“तेच भ्या वाटून राहिलंय,” माझी बायको सुनंदा आतून म्हणाली. “घरच्या दुधाचा हिशोब लागत न्हाई ह्यांना.”

उद्घाटनाला आम्ही अहमदपूरला गेलो. लॅपटॉपला हार घातला. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या मामींनी, त्याच्यावर चिमूटभर भंडारा टाकला. (स्पेसची कळ तेव्हापासून बसली ती बसलीच.) मग मामी म्हणाल्या, “पहिलं बिल खंडोबाच्या नावानं फाडा.” दुकानाची रीतच होती ती. दिगंबरनं लिहिलं : श्री खंडोबा, नट-बोल्ट एक, सव्वा रुपया.

मशीननं लाल चौकट दाखवली. मोबाइल नंबरशिवाय बिल होणार नाही. (ही शिस्त माझी. हिशोब कडक असावा, असं माझं मत होतं.)

“आता देवाचा नंबर कुठून आणू, दाजी?”

“माझा टाक की,” मामी म्हणाल्या. “त्याचं काय काम असंल तर मलाच सांगतोय तो.”

खंडोबा ग्राहक क्रमांक एक झाले.

चारच दिवसांत दिगंबरचा फोन. “दाजी, लोक नंबर देऊन नाही राहिले. एक बाबा म्हणला, बादली न्यायला आलोय, सोयरीक जुळवायला न्हाई.”

मी एआयला फर्मावलं, ‘ज्याचा नंबर नसेल त्याचं बिल पहिल्या ग्राहकाच्या नावावर टाक.’ त्यानं विचारलं, ‘पहिला ग्राहक खरी व्यक्ती तर नाही ना? खात्री आहे का?’ मला वाटलं, पहिला ग्राहक म्हणजे मी चाचणीला टाकलेला ‘रोख ग्राहक’. तो उद्घाटनाआधी मीच शुभ दिसत नाही म्हणून खोडून टाकला होता, हे साफ विसरलो. लिहिलं, ‘खात्री आहे. शंका फार काढतोस.’

त्या दिवसापासून अहमदपूरची सगळी रोख खरेदी खंडोबा करू लागले. विहिरीची मोटार, पत्रे, बादल्या, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी. आणि पैसे मिळाल्याचं नोंदवायला मी जागाच ठेवली नव्हती. (तोरणाला कमी पडत होती.) त्यामुळे हे सगळं उधारीवर!

उधारी वसूल करायची सोय मात्र मी चोख केली होती. ‘भाषा आदराची पण कडक ठेव,’ असं एआयला सांगितलं होतं, आणि त्याचे निरोप आपोआप जात होते. मामींच्या फोनवर.

एका सकाळी मामींनी चष्मा लावून दिगंबरला वाचून दाखवलं, “आदरणीय खंडोबा, आपल्याकडे मोठी बाकी आहे. टाळाटाळ केल्यास माल देणे बंद करण्यात येईल.” मग फोन देव्हाऱ्यात ठेवला आणि म्हणाल्या, “दुकान उघडलं तवा तळी भरीन म्हणले व्हते. भरली न्हाई. देव आठवण करून देऊन राहिला. रविवारी दुकान बंद. तळी भरायची.”

रविवार म्हणजे रिटर्नचा शेवटचा दिवस.

मी अहमदपूरला धावलो. घरात पुरण शिजत होतं. मी दुकानातला लॅपटॉप आणून माजघरात बसून महिन्याचा गोषवारा काढला. एकूण ग्राहक : एक. दिगंबरला दंड आणि मला सासुरवाडीत कायमचं तोंड लपवणं, दोन्ही समोर दिसायला लागलं.

तेवढ्यात हाक आली, “दाजी, या, तळी उचलायला पाच जण लागतात.” बघतो तर चौथ्या जागेवर लातूरचे वकील! जेवायला बोलावलेले. मी पाचवा. ताट उचललं, “येळकोट येळकोट” झालं, आणि ताट खाली टेकताच मी त्यांच्यापुढे लॅपटॉप धरला.

“वकीलसाहेब, वाचवा.”

त्यांनी शांतपणे वाचलं. “रोख विक्रीला नंबर लागतच न्हाई, गुरुजी. तोरण झकास आहे.” आणि भंडारा पुसत म्हणाले, “काळजी करू नका. रिटर्न परवाच भरलंय.”

“कसं?”

दिगंबर जमिनीकडे बघायला लागला. “राग धरू नका दाजी. कॅरीबॅग जातच व्हती. सुनंदाताई म्हणली, जावई माणूस, मन मोडू नका. म्हणून रोज दुकान मिटल्यावर तुमच्या मशीनमधी बी सगळं भरून राहिलो आम्ही.”

मी सुनंदाकडे पाहिलं. ती पुरण वाटत होती, अगदी मन लावून.

मग मामींना निरोपांचा सगळा उलगडा करून सांगावा लागला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा देव्हाऱ्यातल्या फोनकडे, आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेल्या, “जावयाचा मान राखायच्या पायी देव थकबाकीदार करून ठेवला की रं, दिगंबरा.”